जर्मनीत सिस्टेमिक थेरपिस्ट व्हायचंय? आधी २०३२ ची मुदत नीट वाचा

रुग्णाला एकटं न पाहता त्याच्या नात्यांसकट, कुटुंबासकट पाहणारी ही उपचारपद्धत. जर्मनीत तिला २००८ मध्ये शास्त्रीय मान्यता मिळाली आणि जुलै २०२० पासून प्रौढांसाठीचा खर्च सार्वजनिक आरोग्यविमा देऊ लागला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो १ सप्टेंबर २०३२ या तारखेचा. ही प्रवेशाची शेवटची तारीख नव्हे! जुन्या, म्हणजे १ सप्टेंबर २०२० पूर्वीच्या नियमांचं प्रशिक्षण तोवर पूर्ण व्हायला हवं. ते पूर्णवेळ केलं तर किमान ३ वर्षांचं, अर्धवेळ केलं तर ५. म्हणजे अर्धवेळवाल्याने सप्टेंबर २०२७ मध्ये सुरुवात केली तर एक आजारपणही परवडणार नाही. शिवाय ही वाट १ सप्टेंबर २०२० पूर्वी मानसशास्त्राचं शिक्षण सुरू केलेल्यांनाच खुली आहे. बाकीच्यांना मानसोपचाराची नवी बॅचलर-मास्टर, आप्रोबात्सिओनची, म्हणजे उपचाराच्या परवान्याची परीक्षा आणि पुढे ५ वर्षांचं प्रशिक्षण.

जुन्या वाटेच्या प्रवेशासाठी पदवी, गुणपत्रकं, शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, हे होऊन जातं. अडतं ते क्लिनिकल सायकॉलॉजीपाशी. पदवीच्या अंतिम परीक्षेत हा विषय होता, हे दाखवावं लागतं. आपल्या एम.ए.च्या गुणपत्रकावर नुसता पेपरचा कोड असेल, तर तुम्ही शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह घ्या, तोही विमानात बसण्याआधी. तिकडे गेल्यावर इथल्या परीक्षा विभागाकडून कागद मिळवताना माणूस रडकुंडीला येतो. निर्णय त्या-त्या राज्याचं परीक्षा कार्यालय घेतं. नेमकं काय लागतं ते एका पानावर छापून द्यायला कुणाचं काय जातं, कळत नाही. तरी त्यांचा लेखी होकार हातात येईपर्यंत प्रशिक्षण संस्थेची फी भरू नका.

दुसरा खड्डा प्रमाणपत्राचा. डीजीएसएफ किंवा एसजी या संघटनांचं सिस्टेमिक प्रमाणपत्र चांगलं असतं, पण तो उपचाराचा परवाना नाही. संस्थेला थेट विचारा: कोर्स संपल्यावर आप्रोबात्सिओन मिळतं का?

जुन्या वाटेच्या प्रशिक्षणाचे एकूण तास किमान ४२००. त्यात ६०० थिअरी, १८०० प्रत्यक्ष काम, ६०० तास स्वतः केलेले उपचार आणि त्यावर १५० तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख. १८०० पैकी १२०० तास मानसोपचार रुग्णालयात जातात. त्या काळात पूर्णवेळ कामाला महिना किमान १००० युरो मिळतात. मोठ्या शहरात खोलीचं भाडं दिलं की हातात फारसं उरत नाही, तेव्हा पैशांची सोय आधीच करा.

विम्याचे रुग्ण घेऊ लागलात की दर ५ वर्षांत २५० प्रशिक्षण-गुण. पुरावा वेळेत गेला नाही तर पहिल्या चार तिमाहींत मानधनातून १० टक्के कापतात, पुढे २५. गुण भरले की चेंबरकडून, म्हणजे थेरपिस्टांच्या अधिकृत व्यावसायिक संस्थेकडून प्रमाणपत्र लगेच मागून घ्या.