पाउलिस्ता फुटबॉल अजिंक्यपद, १९७३

ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याच्या वार्षिक फुटबॉल स्पर्धेचा १९७३ चा मोसम. सांतोस आणि पोर्तुगेझा हे दोन संघ संयुक्त विजेते ठरले. अंतिम सामना २६ ऑगस्ट १९७३ रोजी, रविवारी, साओ पाउलो शहरातील मोरुंबी मैदानावर झाला. जादा वेळेनंतरही गोलफलक ०–० राहिल्याने पेनल्टी शूटआउट घ्यावे लागले. पंच आर्मांदो मार्केस यांनी मोजणीच्या चुकीने ते मुदतीआधीच संपवले. हा मोसम आज ओळखला जातो तो या चुकीमुळे. साखळीतील बाकीच्या सामन्यांची आठवण क्वचितच निघते.

ही राज्यस्पर्धा ब्राझीलमधील सर्वांत जुनी. ती १९०२ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद साओ पाउलो अ‍ॅथलेटिक क्लबने मिळवले. देशाचा आकार आणि प्रवासाची साधने पाहता राज्याराज्यांची अजिंक्यपदे दीर्घकाळ राष्ट्रीय स्पर्धेहून महत्त्वाची होती. राष्ट्रीय अजिंक्यपद त्या नावाने १९७१ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या १९५९ पासूनच्या देशव्यापी स्पर्धांना राष्ट्रीय विजेतेपदाचा दर्जा ब्राझीलच्या राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये दिला. १९७३ मध्ये राज्याच्या किताबाचे वजन अजून टिकून होते, पण राष्ट्रीय स्पर्धेचे वेळापत्रक त्याला खेटू लागले होते. पुढे घडलेल्या तडजोडीला ही दाटी मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

*स्पर्धेची रचना.* मोसम दोन फेऱ्यांचा होता. प्रत्येक फेरीचा स्वतंत्र विजेता ठरायचा आणि दोन विजेते वेगवेगळे असल्यास त्यांच्यात अंतिम सामना व्हायचा. पहिली फेरी सांतोसने जिंकली, दुसरी पोर्तुगेझाने. आधीच्या मोसमांत साओ पाउलो (१९७०, १९७१) आणि पाल्मेइरास (१९७२) यांनी किताब नेला होता. सांतोसचे याआधीचे विजेतेपद १९६९ चे. मोसमात सर्वाधिक गोल पेले यांचे, ११. हा मान त्यांना पाउलिस्तात अकराव्यांदा मिळाला. १९५७ ते १९६५ अशी सलग नऊ वर्षे आणि नंतर १९६९ मध्ये तो त्यांच्याकडेच होता. १९५८ मध्ये त्यांनी याच स्पर्धेत ५८ गोल केले होते. त्या मानाने ११ चा आकडा फारच बारीक, पण तोवर ते बत्तिशीत पोहोचले होते आणि एका मोसमातील सामन्यांची संख्याही पूर्वीसारखी राहिली नव्हती.

*अंतिम फेरीतील संघ.* सांतोस हा त्याच नावाच्या बंदर-शहराचा, १९१२ मध्ये स्थापन झालेला क्लब. पोर्तुगेझा हा साओ पाउलो शहरातील पोर्तुगीज स्थलांतरितांचा क्लब. पाच लहान क्लब एकत्र करून तो १४ ऑगस्ट १९२० रोजी स्थापन झाला. आल्जुबारोताच्या १३८५ च्या लढाईचा हा स्मरणदिन मुद्दाम निवडला होता. चाहते त्याला ‘लुझा’ म्हणतात. सांतोसचे प्रशिक्षक पेपे हे १९६० च्या दशकातील त्याच संघाचे डावे आघाडीपटू. पोर्तुगेझाचे प्रशिक्षक ओतो ग्लोरिया. १९६६ च्या विश्वचषकात त्यांनी पोर्तुगालला तिसऱ्या स्थानावर नेले होते, आणि त्या वाटेवर ब्राझीललाच ३–१ असे हरवले होते. मैदानाबाहेर झटपट निर्णय घेणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. पुढचा प्रसंग वाचताना ती ध्यानात ठेवावी.

सांतोसच्या गोलात अर्जेंटिनाचे सेहास होते. पुढे झे कार्लोस, कार्लोस आल्बेर्तो, क्लोदोआल्दो, एदू आणि पेले. यांपैकी कार्लोस आल्बेर्तो, क्लोदोआल्दो, एदू आणि पेले हे चौघे १९७० च्या विश्वविजेत्या संघात होते. पोर्तुगेझाकडे गोलरक्षक झेकाँव, बचावात कालेगारी आणि इझिदोरो, मध्यफळीत बाझिलियो, आघाडीला काबिन्यो, एनेयास आणि विल्सिन्यो. नावांच्या वजनात सांतोस कितीतरी पुढे, पण ९० अधिक ३० मिनिटांत ते वजन गोलफलकावर उतरले नाही. काबिन्यो यांचा एक गोल पंचांनी नाकारल्याची तक्रार पोर्तुगेझाच्या गोटातून पुढे अनेक वर्षे होत राहिली. प्रेक्षकसंख्या १ लाख १६ हजारांहून अधिक नोंदली आहे.

*शूटआउट आणि मोजणी.* पेनल्टी किकांनी निकाल लावण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय नियममंडळाने जून १९७० मध्ये स्वीकारली होती. म्हणजे मार्केस यांच्या हातातला नियम जेमतेम तीन वर्षांचा होता. नियमाचा गाभा असा : दोन्ही संघ आळीपाळीने पाच-पाच किक घेतात. पाच पूर्ण होण्याआधीच एका संघाचे गोल इतके झाले की दुसऱ्याने उरलेल्या सर्व किक मारल्या तरी तो तेवढे गोल करू शकत नाही, तर किक तिथेच थांबवायच्या. पाचांनंतर बरोबरी असेल तर एकेक किक घेत पुढे जायचे.

झालेल्या किकांचा क्रम बहुतेक वृत्तांतांत सारखा आहे. सांतोसने सुरुवात केली. झे कार्लोस यांची किक झेकाँव यांनी अडवली. इझिदोरो यांची किक सेहास यांनी अडवली. कार्लोस आल्बेर्तो यांनी गोल केला. कालेगारी यांची किकही सेहास यांनी अडवली. एदू यांनी गोल केला. विल्सिन्यो यांची किक आडव्या दांडीवर आदळून परत आली. तीन फेऱ्यांअखेर सांतोस २, पोर्तुगेझा ०. विल्सिन्यो यांचा चेंडू दांडीवर आपटताच मार्केस यांनी सांतोसला विजयी घोषित केले. खेळाडू मैदानावर धावले, प्रेक्षक उतरले, पेले यांना उचलून घेण्यात आले. पेले यांची किक शेवटची राखून ठेवली होती असे सर्वत्र सांगतात. ती मारण्याची वेळ आली नाही.

मोजणी करताना पंचाने वहीत दोन ओळी आखून प्रत्येकीत पाच चौकोन काढायचे असतात. गोल झाला तर टिंब, हुकला तर फुली. थांबायचे की नाही ते एकाच कसोटीवर ठरते : आघाडी ही मागे असलेल्या संघाच्या उरलेल्या किकांहून जास्त हवी. तेवढीच असून चालत नाही. इथे आघाडी दोनची, पोर्तुगेझाचे रिकामे चौकोनही दोनच. म्हणजे शूटआउट चालूच राहायला हवे होते. चौथ्या फेरीत सांतोसने गोल केला असता तर ३–० आणि समोर दोन किक, खेळ संपला. सांतोसची किक हुकली असती तर पोर्तुगेझाची चौथी आली असती. ती हुकली तर आघाडी दोन, उरलेली किक एक, खेळ संपला. ती साधली तर २–१, मग सांतोसची पाचवी. ती गोल झाली तर पुन्हा संपले, हुकली तर पोर्तुगेझाच्या पाचव्या किकेवर २–२ ची शक्यता. पोर्तुगेझाला वाचायचे तर सलग चार किक तिच्या बाजूने पडायला हव्या होत्या.

किती शक्यता होती? चारपैकी तीन पेनल्टी गोल होतात असे ढोबळमानाने धरले, तर सांतोसच्या दोन किक हुकणे आणि पोर्तुगेझाच्या दोन साधणे यांचा गुणाकार २५६ मध्ये ९, म्हणजे साडेतीन टक्के. त्यानंतरच्या एकेका किकेत निम्मा वाटा धरला तर किताबाची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली. पोर्तुगेझा तांत्रिकदृष्ट्या हरली नव्हती हे खरे; पण अर्धा किताब हा तिच्या त्या क्षणीच्या स्थितीचा न्याय्य हिस्सा होता असे म्हणणे अवघड आहे.

लोकप्रिय लेखनात ही चूक ‘पंचाला मोजता आले नाही’ अशी सांगितली जाते. ते नीट पटत नाही. झालेले गोल त्यांनी बरोबर मोजले होते. गफलत उरलेल्या किकांच्या वजाबाकीत झाली. कुठे, याबद्दल दोन तर्क मांडता येतात. एक, मार्केस यांना वाटले की चौथी फेरी झाली आहे. चार फेऱ्यांअखेर २–० असते तर त्यांचा निर्णय अचूक ठरला असता. दुसरा, तीन फेऱ्यांत पोर्तुगेझा तिन्ही हुकली आणि सांतोसने मात्र सर्व साधल्या असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे राहिले. ३–० असताना तीन फेऱ्यांनंतर थांबणे नियमाला धरूनच आहे. झे कार्लोस यांची पहिलीच हुकलेली किक नंतरच्या दोन गोलांखाली झाकली गेली, हा दुसरा तर्क प्रस्तुत नोंदीला अधिक सयुक्तिक वाटतो. लागोपाठच्या दोन गोलांनंतर आणि समोरच्या तीन अपयशांनंतर सुरुवातीची फुली विसरणे हा वहीविना मोजणाऱ्या कोणाचाही नेहमीचा दोष. रेषापंच आणि राखीव बाकावरची माणसे यांच्याही ते ताबडतोब ध्यानात आले नाही, ही गोष्ट त्याला दुजोरा देते.

*चूक उघड झाल्यानंतर.* काही वेळातच चूक दाखवून दिली गेली आणि उरलेल्या किक घेण्याचा विचार झाला. पण पोर्तुगेझाचे खेळाडू मैदानावर राहिले नव्हते. ओतो ग्लोरिया यांनी त्यांना घाईने बाहेर काढून बसमध्ये बसवले. अंघोळ न करता निघाले, काहींनी कपडे बसमध्येच बदलले, असे तपशील सांगितले जातात. त्यांतला रंग किती आणि वस्तुस्थिती किती हे वेगळे काढणे कठीण असले, तरी संघ मैदान सोडून गेला होता यावर सर्वांचे एकमत आहे.

प्रशिक्षकांनी हे जाणून केले काय, हा या प्रकरणातला खरा वादाचा मुद्दा. एका मताप्रमाणे ग्लोरिया यांनी वजाबाकी पंचांच्या आधी करून टाकली. परत जाऊन दोन किक मारण्यापेक्षा न जाता तक्रार करण्यात फायदा आहे हे त्यांनी ओळखले. दुसऱ्या मताप्रमाणे हरलेला संघ गर्दीतून निघून जातो एवढेच घडले. वर दिलेली टक्केवारी पहिल्या मताला बळ देते. ०–२ मागे असताना शूटआउट पुढे चालवण्यात पोर्तुगेझाला जवळजवळ काही मिळण्यासारखे नव्हते. पंचांची चूक कायम ठेवून पुन्हा सामना मागण्यात पुष्कळ होते. मात्र पंचांनी सामना संपल्याचे घोषित केल्यावर संघाला थांबवून ठेवणारा कोणताही नियम नव्हता, हेही विसरता येत नाही. ग्लोरिया यांनी काही लपवले असेल तर ती चतुराई होती, नियमभंग नव्हे.

*किताबाची विभागणी.* समोर तीन मार्ग होते : राहिलेल्या किक दुसऱ्या दिवशी घेणे, सामना पुन्हा खेळवणे, किंवा किताब वाटणे. पहिल्याला अडचण अशी की शूटआउट हा सामन्याचाच भाग. दमलेल्या खेळाडूंनी घ्यायच्या किक ताज्या पायांनी घेतल्या तर तो वेगळाच खेळ होतो. दुसऱ्याला तारखा नव्हत्या, राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती. राज्य महासंघाने दोन्ही क्लबांशी बोलून तिसरा मार्ग घेतला आणि दोघांना १९७३ चे विजेते म्हणून नोंदवले. हा निर्णय खेळाच्या नियमांतून निघालेला नाही, वेळापत्रकातून निघालेला आहे. सांतोसने तो फारशी खळखळ न करता स्वीकारला, कारण नाकारल्यास जवळपास हातात असलेला किताब पुन्हा मैदानावर मांडावा लागला असता. मार्केस यांनीही चूक मान्य केली.

त्यांच्या नावाला हा एकच डाग नाही. १९७१ च्या पाउलिस्ता अंतिम सामन्यात पाल्मेइरासच्या लेविन्या यांचा डोक्याने मारलेला गोल त्यांनी हाताचा ठरवून रद्द केला होता आणि किताब साओ पाउलोकडे गेला. तरीही ते त्या काळचे देशातील सर्वांत नावाजलेले पंच राहिले. १९६६ आणि १९७४ च्या विश्वचषकांत त्यांनी काम केले आणि पुढे राष्ट्रीय महासंघाच्या पंच-आयोगाचे प्रमुखपदही भूषवले.

*नोंदीतील स्थान.* पेले यांच्या नावावर साधारणतः १० पाउलिस्ता विजेतेपदे लावतात. १९७३ चे त्यांतले शेवटचे. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांनी सांतोसचा निरोप घेतला. सांतोसला पुढचा राज्य-किताब १९७८ च्या मोसमाचा मिळाला.

पोर्तुगेझाच्या यादीत १९३५, १९३६ आणि १९७३ अशी तीन वर्षे दिसतात. पहिली दोन राज्यातील फुटबॉल दोन संघटनांत फुटलेले असतानाची आहेत. मोठे क्लब नव्या लीगकडे गेले होते आणि पोर्तुगेझाने जुन्या संघटनेची स्पर्धा जिंकली. १९३५ मध्ये नव्या लीगचा विजेता होता सांतोस, आणि तोच त्याचा पहिला राज्य-किताब. म्हणजे एकाच वर्षाच्या विजेत्यांच्या रकान्यात ही दोन नावे १९७३ च्या ३८ वर्षे आधीही शेजारी बसली होती, फक्त तेव्हा रकाने दोन होते. काही याद्या १९३५–३६ च्या जुन्या संघटनेच्या किताबांना गौण मानतात. राज्य महासंघ दोन्ही धरतो आणि येथेही तेच धरले आहे.

पोर्तुगेझाला यानंतर राज्य-किताब मिळालेला नाही. १९७५ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि साओ पाउलोकडून शूटआउटमध्ये ०–३ असा हरला. १९७३ च्या संघातील बाझिलियो १९७५ मध्येच कोरिंथियन्सकडे गेले. १९५४ पासून राज्य-किताब न मिळालेल्या त्या क्लबला १९७७ मध्ये तो मिळवून देणारा गोल त्यांचाच. काबिन्यो मेक्सिकोत गेले आणि तिथल्या साखळीत आठ मोसमांत सर्वाधिक गोलांचे मानकरी ठरले.