एक ८ जीबीची स्टिक आणि गुदमरलेला प्रोसेसर

२०२५ संपता संपता रॅमचे भाव असे काही चढले की कमी बजेटमधे गेमिंग पीसी जोडायला निघालेल्या पोरांची पंचाईतच झाली. कारण सगळ्यांना माहीत आहे, एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी पाहिजे, ढिगाने पाहिजे, आणि चिप कंपन्यांना तिकडे जास्त पैसा दिसतोय. डिसेंबरमधे मायक्रॉनने तर क्रुशल हा आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग दुकानात कोटेशन घेताना एक सल्ला हमखास मिळतो, "सध्या ८ जीबीची एकच स्टिक टाका, भाव उतरले की दुसरी टाकू". ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर पैसे वाचवायची यापेक्षा वाईट जागा दुसरी नाही. का, ते नीट सांगतो, कारण यामागचं सायन्स मला फार आवडतं आणि ते कोणी समजावून सांगत नाही.

आपण उदाहरणाला एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊ. २०२१ मधे आलेला, सहा कोअरचा, आत व्हेगा ग्राफिक्स, स्वस्तातल्या बिल्डमधे आजही दिसतो. यात वेगळं कार्ड नसतं म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरीही नसते. गेमची टेक्स्चर्स (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं), तयार होत असलेलं चित्र, सावल्या, सगळं काही मदरबोर्डवरच्या साध्या रॅममधे राहतं, आणि त्याच रॅममधे विंडोज, गेमचं लॉजिक आणि मागे उघडे असलेले क्रोमचे टॅबही राहतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच दारातून ये-जा करतात.

आता हे दार केवढं? डीडीआर४ ३२०० या रॅमच्या नावातला आकडा म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा डेटा इकडून तिकडे जातो. एका चॅनलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेतून, एका वेळी ६४ बिट म्हणजे ८ बाइट जातात. गुणाकार केला की सेकंदाला २५.६ जीबी. दोन चॅनल चालू असतील तर ५१.२. बस, एवढंच. स्टिक ८ची असो की ३२ची, एकच स्टिक लावली तर २५.६. टाकी कितीही मोठी बसवा, खाली नळ अर्धा इंची असेल तर बादली त्याच वेगाने भरणार. जीबी म्हणजे टाकी, आणि सेकंदाला जीबी म्हणजे नळ. जाहिरातीत आणि कोटेशनमधे फक्त टाकीचा आकडा असतो.

आता एका फ्रेमचा हिशोब करू, मला यात खरी मजा येते. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं) पाहिजे म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात तयार व्हायला हवी. २५.६ जीबीला ६० ने भागा, एका फ्रेमच्या वाट्याला साधारण ४२७ एमबी येतात. दोन स्टिक असतील तर ८५३. तुम्ही म्हणाल ४२७ एमबी काय कमी आहे का, १०८० पी स्क्रीनवर पिक्सेल किती तर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार सहाशे, प्रत्येकाला ४ बाइट, झाले ८.३ एमबी! मग बाकीचे चारशे जातात कुठे?

तर चित्र एकदाच काढून मोकळं होत नाही ना. बऱ्याच मॉडर्न गेम्समधे आधी प्रत्येक पिक्सेलचा रंग, पृष्ठभागाची दिशा, चकाकी, खोली अशी माहिती वेगवेगळ्या थरांमधे लिहून ठेवतात. असे पाच थर धरले तर ४१ एमबी लिहिले, आणि प्रकाशाचं गणित करायला तेच ४१ परत वाचले. त्यात एकामागे एक वस्तू असतात, भिंत काढली, तिच्यापुढे गाडी काढली, गाडीपुढे माणूस काढला, म्हणजे एकच पिक्सेल दोन-तीनदा लिहिला गेला. सावल्यांसाठी सूर्याच्या जागेवरून सगळा सीन वेगळा काढावा लागतो, २०४८ बाय २०४८ चा एक शॅडो मॅप सुमारे १७ एमबी, आणि जवळच्या-लांबच्या सावल्यांसाठी असे तीन-चार. टेक्स्चरचं तर विचारूच नका, एका पिक्सेलचा रंग ठरवायला साध्या फिल्टरिंगला टेक्स्चरमधले ४ ठिपके वाचावे लागतात, त्याहून चांगल्या ट्रायलिनियरला ८, आणि तिरके पृष्ठभाग स्पष्ट दाखवणारं अ‍ॅनिसोट्रॉपिक १६एक्स लावलं तर जास्तीत जास्त १२८. कॅशे (चिपच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) आणि कॉम्प्रेशन बराच भार उचलतात म्हणून हे जमतं तरी, पण या छोट्या ग्राफिक्सची कॅशेही छोटीच, त्यात ८ एमबीचं आख्खं चित्र मावत नाही.

आणि मग येतो धूर. स्मोक ग्रेनेड फुटला की एफपीएस धाडकन पडतात हे खेळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय, पण कारण फार थोड्यांना माहीत असतं. धूर अर्धपारदर्शक असतो, म्हणजे नवा रंग नुसता लिहून भागत नाही, आधी तिथे असलेला रंग वाचायचा, त्यात धुराचा रंग मिसळायचा आणि परत लिहायचा. स्क्रीनभर पसरलेला धुराचा एक थर म्हणजे ८.३ वाचले आणि ८.३ लिहिले, साधारण १७ एमबी. गेममधला धूर अशा कितीतरी पातळ थरांचा असतो, दहा थर धरले तरी १६६ एमबी गेले, आणि रंग १६ बिटचे असतील तर त्याच्या दुप्पट. वाट्याला आलेल्या ४२७ मधून धुरालाच ३३० गेले तर बाकी चित्र कशावर काढणार? हा सगळा ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्षात प्रत्येक गेमचं इंजिन वेगळी काटकसर करतं, पण दाब कुठे येतो ते यावरून कळतं. ग्राफिक्सचे कोअर या वेळी नुसते बसून असतात, डेटा येईपर्यंत. त्यांचा स्पीड वाढवून काहीही होत नाही.

इथे एक प्रश्न पडायला हवा, की प्रोसेसरला एका स्टिकचा एवढा त्रास का होत नाही? कारण दोघांची भूक वेगळी आहे. रॅमच्या चिपमधे एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक पिटुकला कपॅसिटर, ही आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डची कल्पना, १९६८ चं पेटंट, आणि आजही तीच चालू आहे. कपॅसिटरमधला चार्ज गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदात सगळ्या ओळी परत भराव्या लागतात, त्यासाठी साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश कमांड जाते. वाचायचं झालं तरी आधी आख्खी ओळ उघडावी लागते, वाचताना चार्ज सांडतो म्हणून तो परत लिहावा लागतो, आणि मग त्यातला हवा तो कॉलम मिळतो. सीएल१६ असं जे रॅमवर छापलेलं असतं ते याच शेवटच्या टप्प्याचं, ३२०० च्या रॅमला एक क्लॉक ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणजे १६ क्लॉक म्हणजे १० नॅनोसेकंद. बाकीचे टप्पे आणि वाटेतला प्रवास धरून प्रोसेसरला डेटा हातात पडेपर्यंत ७०-८० नॅनोसेकंद सहज जातात, आणि ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीनशे क्लॉक होऊन जातात. प्रोसेसरला ही वाट पाहणं जड जातं, म्हणून त्याच्याकडे मोठी कॅशे असते. ग्राफिक्सचं उलट आहे, तिथे हजारो पिक्सेलची कामं एकदम हातात असतात, एकाचा डेटा आला नाही तर दुसऱ्याचं काम चालू, त्यामुळे उशीर झालेला चालतो पण एकूण ओघ कमी झालेला अजिबात चालत नाही. दुसरी स्टिक दुसऱ्या चॅनलला लावली की उशीर फारसा कमी होत नाही, पण कंट्रोलर डेटाचे तुकडे आळीपाळीने दोन्ही चॅनलमधे ठेवतो आणि दोन्हीकडून एकाच वेळी खेचतो, ओघ दुप्पट. म्हणूनच वेगळं कार्ड असलेल्या पीसीत एक स्टिक आणि दोन स्टिकचा फरक बहुतेक वेळा थोडासाच दिसतो, आणि ५६००जी सारख्यावर कितीतरी गेम्समधे ३० टक्के आणि वरचा फरक पडतो. तेवढ्याच जीबीत, दुसरं काहीही न बदलता.

हेच गणित न कळल्यामुळे आपल्याकडे एक वस्तू वर्षानुवर्षं खपतेय, "४ जीबी ग्राफिक्स कार्ड". जीटी ७३० नावाचं २०१४ चं कार्ड, डीडीआर३ मेमरी, ६४ बिटची बस (मेमरीची वाट), सेकंदाला १४.४ जीबी. म्हणजे मदरबोर्डवरच्या एका डीडीआर४ स्टिकपेक्षाही कमी! ५६००जी सोबत हे कार्ड घालून डिस्प्ले त्यावरून घेतला तर गेम आधीपेक्षा हळू चालतात, पैसे देऊन. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात ४ जीबी, बँडविड्थ, म्हणजे नळाचा आकडा, कुठेच नाही. दुसरी अंधश्रद्धा म्हणजे रॅम बूस्टर आणि गेम बूस्टर नावाची सॉफ्टवेअर्स. रॅम "साफ" केल्याने चॅनल रुंद होत नाही, आणि विंडोजने मुद्दाम रॅममधे भरून ठेवलेली कॅशे उडाल्यामुळे उलट तेच परत एसएसडीवरून वाचावं लागतं. लोक हे श्रद्धेने चालवतात आणि सोबत जाहिराती पण बघतात.

तर मग बजेट तंगच असेल तर काय करायचं. १६ची एक नको, ८च्या दोन घ्या, दोन्ही एकाच किटमधल्या मिळाल्या तर उत्तम. मदरबोर्डला रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा, शेजारी शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि सगळं मुसळ केरात. स्लॉटची खिट्टी उघडून स्टिकची खाच जुळवायची आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा, टक् आवाज आला पाहिजे. मग बायॉसमधे (पीसी चालू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील स्पीडवर चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२००ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वर रखडत राहते आणि कोणाला कळतही नाही, टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमधे स्पीड दिसतो तो बघा. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर टाकलं तर चॅनल पण दिसतो.

पैसे कुठून वाचवायचे? कॅबिनेटच्या लायटिंगमधून वाचवा, काचेच्या दारातून वाचवा. एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, वाचवू नका, कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर लिहिलेल्या वॅटवर माझा काडीचा विश्वास नाही. सेकंडहँड डीडीआर४ रॅम मात्र बिनधास्त घ्या, त्यात झिजणारं काही नसतं, मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा, एकही एरर आली तर परत करा. फक्त सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त दिसते म्हणून उचलू नका, ती साध्या बोर्डावर चालतच नाही. आणि गेमचं रेझोल्यूशन १६०० बाय ९०० केलं तर पिक्सेल १०८० पी च्या ६९ टक्केच राहतात, शॅडो मॅपसारख्या गोष्टी सोडल्या तर वरचा बराचसा हिशोब त्याच प्रमाणात हलका होतो.

पुढे कधी कार्ड घ्यायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा. ५६००जी फक्त पीसीआयई ३ देतो (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, आणि लेन म्हणजे त्यातले पट्टे). आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड चारच लेन वापरतं, पीसीआयई ३ वर त्या चार लेन मिळून सेकंदाला ४ जीबीच्याही थोडं आत होतात, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, त्याची स्वतःची बँडविड्थ २२४ जीबी, ते या प्रोसेसरवर चांगलं चालतं. आणि कार्ड सुरुवातीलाच घेणार असाल तर ५६००जी घेऊच नका, साधा ५६०० घ्या, त्यात एल३ कॅशे १६ ऐवजी ३२ एमबी आहे आणि बी५५० बोर्डावर पीसीआयई ४ पण मिळतं.