गोरज मुहूर्त आणि १.८ची लेन्स: एका जुन्या सल्ल्याची पार्श्वभूमी

घरात लग्न ठरलं की कॅमेरा बाळगणाऱ्या भाच्याला पहिला सल्ला मिळतो, "फिफ्टी १.८ घे, फ्लॅशची कटकट नको." फिफ्टी १.८ म्हणजे ५० एमएमची, एफ/१.८पर्यंत उघडणारी लेन्स; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त. कोल्हापुरात गोरज मुहूर्ताची लग्नं भरपूर. स्टेज लखलखीत आणि बाकीचा हॉल मंद, अशा ठिकाणी हा सल्ला पटतोही. पण तो रोलच्या जमान्यातला आहे.

कमी उजेडाचा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना. १८३९ मध्ये दागेरोटाइप जाहीर झाला तेव्हा लेन्सचं तोंड इतकं अरुंद होतं, की चेहरा उमटायला माणसाला मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातले गणितज्ञ पेट्झवाल यांनी सुमारे एफ/३.६ची लेन्स आकडेमोड करून मांडली आणि फोग्टलेंडरने ती घडवली. त्यानंतर पोर्ट्रेट हा धंदा होऊ शकला.

आजच्या फिफ्टीचा मूळ पुरुष मात्र १८९६चा: झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांची प्लानार ही लेन्स. रचना सुरेख, पण काचेचे आठ पृष्ठभाग हवेला लागलेले. प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के उजेड परतवणार. एक तृतीयांशाच्या आसपास उजेड वाटेतच जायचा आणि चित्र पांढुरकं पडायचं. म्हणून १९२४ची एर्नोस्टार एफ/२ आणि मग झाइसची सोनार या वेगवान, म्हणजे जास्त उजेड घेणाऱ्या, लेन्स दुसऱ्या वाटेने गेल्या. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुला यांनी काचेवर परावर्तन मारणारा पातळ थर चढवायची युक्ती काढली आणि बाजूला पडलेली प्लानारची रचना युद्धानंतर सगळ्यांची आवडती झाली. कॅननची १९९० मधली प्लॅस्टिकची, स्वस्तातली ५० एमएम १.८ याच घराण्यातली.

कोल्हापूरने मात्र सुरुवातीलाच दुसरा उपाय धरला होता: उजेडच आणायचा. बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' (१९२३) मध्ये कृत्रिम दिव्यांवर चित्रीकरण केलं. लग्नाच्या फोटोग्राफरनेही पुढे फ्लॅशगनच पत्करली, आणि त्याचं बरोबर होतं. आज ज्या हॉलमध्ये ३२०० आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता), एफ/२.८ला १/१२५ सेकंदाचा शटर मिळतो, तिथं १०० आयएसओच्या रोलवर लेन्स १.८ला उघडूनही जेमतेम १/१० मिळाला असता. तेवढ्यात अक्षतांच्या रेघा होतात आणि भटजींचा हात धुरकट.

२००७ मध्ये निकॉनचा डी३ आला आणि ६४०० आयएसओ ही नेहमीच्या वापरातली गोष्ट झाली. हळूहळू साध्या कॅमेऱ्यांतही ३२०० चालण्याजोगं झालं. त्यामुळे १.८चं महत्त्व गेलं नाही, पण 'नाहीतर फोटोच नाही' ही स्थिती संपली. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम करून ५.६ला पोचते तेव्हा १.८च्या मानाने जवळपास दहावा हिस्सा उजेड आत येतो, हा फरक आजही छळतो. २.८ आणि १.८ मधला फरक जेमतेम अडीच पटीचा. तो आयएसओ वाढवून भरून काढता येतो.

आणि १.८ फुकट मिळत नाही. एपीएस-सी (रोलच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर फिफ्टी दोन मीटरवरून १.८ला वापरली तर साधारण ११-१२ सेंटीमीटर खोलीतलंच स्पष्ट दिसतं. अंतरपाट खाली येतो तेव्हा तुम्ही बरोबर कडेला असाल, तर नवरा-नवरी तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतात आणि दोघंही नीट येतात. पण ती जागा ठरवून आणलेल्या फोटोग्राफरची आणि शूटिंगवाल्याची. भाच्याला मिळतो स्टेजचा कोपरा, तोही मामाच्या फेट्यामागचा. तिथून एक चेहरा पुढे, एक मागे. नवरीच्या डोळ्यांवर फोकस धरला की नवरदेव गेला. अशा वेळी २.८ किंवा ४ बरं.

शिवाय याच कॅमेऱ्यावर फिफ्टीचा कोन ७५-८० एमएमसारखा आवळतो. घरच्या सोप्यात हळद चालू असताना मागं सरकायचं म्हटलं तर पाठ भिंतीला टेकते. निकॉनने २००९ मध्ये डीएक्स (म्हणजे त्यांच्या एपीएस-सी) कॅमेऱ्यांसाठी स्वस्तातली ३५ एमएम १.८ काढली ती हीच अडचण ओळखून. तिचा कोन जुन्या फिफ्टीच्या जवळ जातो. एकच लेन्स घ्यायची तर माझं मत ३५ला. फिफ्टी पाठवणीसाठी उसनी आणावी, तिथं लांबूनच उभं राहिलेलं बरं.

नवीन कॅमेऱ्यांतलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, वरमाईची लगबग नाही. हॉलमधल्या काही एलईडी विजेच्या ५० हर्ट्झमुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोटोत काळे पट्टे दिसले तर दोष लेन्सचा नव्हे, शटर १/१०० किंवा १/५०वर आणून पाहावा.