बिनशेपटाचं विमान आणि दोन सेंटीमीटर

विमानाला शेपूट वळण्यासाठी असते, असा पुष्कळांचा समज असतो. फोमचं फ्लाइंग विंग, म्हणजे नुसता पंखच असलेलं रिमोटचं विमान, घेऊन गोव्यात डिचोलीकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "शेपूट नाही, मग हे वळणार कसं?" विमान वळतं ते कुशीवर कलून. शेपटीचं मुख्य काम वेगळंच आहे. नाक वर-खाली भरकटू लागलं की ती ते जागेवर आणते. शेपूट काढली की हे काम पंखाच्याच गळ्यात पडतं.

किटच्या खोक्यात फार काही नसतं. ईपीपी फोमचे दोन अर्धे पंख, कार्बनच्या नळ्या आणि टोकांना लावायच्या दोन उभ्या पट्ट्या. मोटर, तिचा वेग सांभाळणारं ईएससी, झडपा हलवणारे 9 ग्रॅमचे दोन सर्व्हो, रिमोटचे इशारे घेणारा रिसीव्हर आणि तीन सेलची 11.1 व्होल्टची लिपो बॅटरी बहुधा वेगळी घ्यावी लागते. ईपीपी म्हणजे थर्माकोल नव्हे. जांभ्यावर आपटला तरी तो चेपून पुन्हा वर येतो, आणि थर्माकोल खाऊन टाकणारं फेविक्विक याला खुशाल चालतं. मागच्या कडेला दोन लांब झडपा असतात, एलेव्हॉन. दोन्ही वर केल्या की नाक वर जातं. एक वर, एक खाली केली की विमान कलतं. हे मिक्सिंग रिमोट करतो. इथवरची जोडणी कुणालाही जमते.

खरी परीक्षा बॅटरी कुठे बसवायची याची. उडताना वाऱ्याच्या झोतानं नाक जरा वर गेलं, असं समजा. पंख हवेला जास्त कोनात भिडतो आणि उचल, म्हणजे विमानाला वर ढकलणारा जोर, वाढते. ही वाढीव उचल ज्या बिंदूवर लागते तो न्यूट्रल पॉइंट. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं ती जागा, बॅटरी सरकवली की सरकते. तो न्यूट्रल पॉइंटच्या पुढे असेल तर वाढीव उचल मागची बाजू वर ढकलते, नाक खाली येतं आणि बिघाड आपोआप निस्तरतो. गुरुत्वमध्य मागे गेला तर तीच उचल नाक आणखी वर रेटते. मग उडवणारा कितीही तरबेज असो, विमान हातात राहत नाही.

आता आकडे. 90 सेंमी पंखविस्ताराचं विमान घेऊ: पंख मध्याशी 30 सेंमी रुंद, टोकाशी 20, आणि टोकं 20 सेंमी मागे झुकलेली. निमुळत्या पंखाची हिशोबाची रुंदी साध्या सरासरीपेक्षा थोडी जास्त, 25.3 सेंमी येते. ती मध्यरेषेपासून 21 सेंमीवर सापडते आणि तिथली पुढची कड नाकाच्या 9.3 सेंमी मागे असते. त्यात रुंदीचा चौथा हिस्सा मिळवला की न्यूट्रल पॉइंट नाकापासून साधारण 15.6 सेंमीवर. रुंदीच्या 8 टक्के पुढे सरका: गुरुत्वमध्य 13.6 सेंमीवर हवा. सगळी सुरक्षितता या दोन सेंटीमीटरांत आहे.

पण गुरुत्वमध्य पुढे असल्यानं नाक सतत खाली ओढलं जातं. शेपटीच्या विमानात शेपूट मागून खाली दाबून ते सावरते. इथे पंखाची मागची कड किंचित वर वळवतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. त्यापायी थोडी उचल वाया जाते. शिवाय एलेव्हॉन गुरुत्वमध्याच्या जवळच असल्यानं त्यांची पोच तोकडी आणि नाकाचं डोलणं शमवणारं मागे फारसं काही नाही.

नव्या विमानाला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधा, अशी सूचना हमखास येते. बांधायचं तर हिशोब करून बांधा. 500 ग्रॅमच्या विमानाच्या नाकाला 40 ग्रॅमचं लिंबू लावलं तर गुरुत्वमध्य सेंटीमीटरभर पुढे सरकतो. विमान जडशीळ होतं, पण स्थिर. तेच मध्यावरच्या मागच्या कडेला टांगलं तर दोन सेंटीमीटरांतले सव्वा गेलेच! "गायरो (विमानाचं डोलणं ओळखून झडपा आपोआप हलवणारं यंत्र) बसवला की कसंही उडतं" ही दुकानातली जाहिरातही त्याच पंगतीची. गायरो झोत सोसायला मदत करतो, चुकीच्या जागी बसवलेली बॅटरी हलवत नाही.

मोठ्यांनाही बिनशेपटाचं विमान सहज वश झालं नाही. नॉर्थ्रॉप कंपनीच्या वायबी-49 या नुसत्या पंखाच्या बॉम्बफेकी विमानाच्या अपघातात 1948 साली कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स गेले. अमेरिकेतला एडवर्ड्स हवाई तळ त्यांच्याच नावाचा. तेवढ्याच, 172 फुटी पंखविस्ताराचं बी-2 बॉम्बफेकी विमान उडालं 1989 मध्ये, संगणकाच्या जोरावर. त्याला उभी शेपूटही नाही. आपल्या फोमला टोकाच्या पट्ट्या आहेत, म्हणून संगणकावाचून भागतं.

उडवायला सकाळची वेळ बरी, दुपारी समुद्रावरचा वारा चढतो. दाबोळी आणि मोपा, दोन्ही विमानतळांपासून लांब राहायचं आणि ड्रोन कुठे उडवता येतात हे दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा आधी पाहायचा. मोटर मागे, फेकणाऱ्या हाताजवळ असते, तेव्हा विमान हातातून सुटल्यावरच ती चालू करा.

उंचावर गेल्यावर मोटर बंद करून नाक थोडं खाली करा आणि स्टिक सोडा. विमान सावकाश स्वतःहून वर आलं तर ठीक. झटक्यात वर उसळलं तर नाक जड आहे, बॅटरी जराशी मागे घ्या. आणखीच खाली घुसू लागलं तर लगेच सावरून उतरवा आणि बॅटरी अर्धा सेंटीमीटर पुढे सरकवून पुन्हा उडवा.