पार्श्वभूमी : 'रिमांड होम' ते बालगृह

उंटवाडी या नाशिकच्या भागातल्या मुलांच्या संस्थेला नाशिककर आजही 'रिमांड होम' म्हणतात. हा शब्द मुंबई इलाख्याच्या १९२४ आणि १९४८ च्या बालक कायद्यांच्या काळातला. चोरीचा आळ आलेला मुलगा आणि घर तुटल्यामुळे रस्त्यावर आलेलं पोर, चौकशी होईपर्यंत दोघांचा मुक्काम एकाच छपराखाली. १९८६ च्या देशव्यापी कायद्याने 'निरीक्षणगृह' हे नाव दिलं, पण चौकशीच्या काळात दोघांना एकत्र ठेवायची वाट बंद केली नाही.

फारकत झाली ती २००० च्या बाल न्याय कायद्याने. विधी संघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल, बाल न्याय मंडळापुढे, मग निरीक्षणगृहात. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक बालकल्याण समितीपुढे, मग बालगृहात. मुलग्यांना बालक मानण्याची वयोमर्यादाही १६ वरून १८ झाली.

नाशकात घोळ आणखी वाढतो, कारण इथे किशोर सुधारालयही आहे. ते कारागृह विभागाचं. त्याचं मूळ १९२९ च्या बोर्स्टल कायद्यात, १६ ते २१ वयाच्या गुन्हेगार तरुणांसाठी. बालगृहाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी बातम्यांत निरीक्षणगृह, बालगृह आणि सुधारालय या तिन्हींना 'बालसुधारगृह' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. बाल न्याय कायद्यात हा शब्दच नाही. नाशिकरोड स्टेशनवर सापडलेल्या किंवा कुंभाच्या गर्दीत आईचा हात सुटलेल्या सहा वर्षांच्या मुलीला 'सुधारायचं' ते काय? तिचा गुन्हा कोणता? हा केवळ भाषेचा काथ्याकूट नाही. शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलांचे आईबाप हाच शब्द ऐकून आपलं मूल दुसऱ्या बाकावर बसवायला सांगतात.

२०१५ चा नवा बाल न्याय कायदा आला तेव्हा सगळी चर्चा १६ ते १८ वयोगटातल्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवावा की नाही, याभोवतीच फिरली. त्या गदारोळात कलम ३ कडे फारसं कुणी पाहिलं नाही. बालकाबद्दल दोषारोप करणारे शब्द वापरू नयेत, असं ते स्पष्ट सांगतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, हेही त्यातच आहे. म्हणूनच बालसंगोपन योजनेचं महत्त्व वाढलं : मूल आजी, मावशी किंवा काकांकडेच राहतं आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. ज्यांना तेही घर नाही, त्यांच्यासाठी बालगृह.