निपचित पडण्याचा खर्च

अलास्काच्या उत्तरेला जमिनीत बिळं करून राहणारी एक खार आहे, आर्क्टिक भूखार. थंडीची चाहूल लागली की ती बिळात शिरते, अंगाचा गोळा करते आणि सात-आठ महिने वर तोंड काढत नाही. या काळात तिला हातात घेतलं तर मेलेलीच वाटेल. अंग थंडगार, श्वास कळेल न कळेल असा, हृदयाचे ठोके मिनिटाला अगदी मोजके. बिचारी गाढ झोपली आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ती झोपलेली नसते, आणि हे पडून राहणं तिला चांगलंच महागात पडतं.

1989 साली अलास्का विद्यापीठातले ब्रायन बार्न्स यांनी अशा खारींच्या पोटात तापमान कळवणारे छोटे रेडिओ-प्रक्षेपक बसवले. पोटातलं तापमान उणे 2.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद त्यांना मिळाली. तरीही रक्त गोठलं नव्हतं. रक्तात गोठण थांबवणारं कोणतंही खास रसायन सापडलं नाही. बर्फाचा पहिला कण धरायला आधार मिळाला नाही, तर द्रव शून्याखालीही द्रवच राहू शकतो, तसलाच हा प्रकार. मान आणि डोकं मात्र या खारी शून्याच्या किंचित वर राखतात.

म्हणजे इतक्या गारठ्यातही शरीराचा ताबा सुटलेला नसतो. कंदिलाची वात बारीक करून ठेवावी, पण विझू देऊ नये, तशी ही अवस्था. भोवतालची माती आणखी गारठली, तर खार त्याच गुंगीत जास्त चरबी जाळून स्वतःला गोठण्यापासून वाचवते. कोकणात पहिल्या पावसाला मातीतून वर येणारे बेडूकही महिनोन्‌महिने निपचित असतात, पण त्यांचं अंग एरवीही भोवतालाइतकंच गार किंवा गरम असतं. भूखारीला 37 अंशांच्या आसपासून खाली उतरायचं असतं आणि पुन्हा तिथवर चढायचंही असतं.

हे चढणं फक्त वसंतात एकदाच होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, भर हिवाळ्यात, बिळाबाहेर काहीही घडलेलं नसताना, तिचं शरीर आपणहून तापू लागतं. खांद्यांमध्ये आणि हृदयाभोवती साठवलेली तपकिरी चरबी पेटते. ही चरबी हालचालीसाठी नसते, थेट उष्णतेसाठीच जळते. आधी छाती आणि डोकं ऊब धरतं, मागचा भाग बराच वेळ गारच असतो. मग स्नायू थरथरू लागतात, हृदय मिनिटाला शेकडो ठोक्यांवर जातं आणि काही तासांत अंग पुरतं गरम होतं. हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा या तापण्यातच खर्ची पडतो. एवढा खटाटोप करून ती करते काय? बराचसा वेळ झोपते! साधारण दिवसभरात पुन्हा गार होऊ लागते. गारठलेल्या मेंदूतले विद्युत-संकेत जवळजवळ सपाट झालेले असतात. खरी झोप येण्यासाठी मेंदू उबदार असावा लागतो.

हा खर्च नेमका कशासाठी, यावर अजून एकमत नाही. मला सर्वांत बोलका वाटतो तो मादागास्करचा पुरावा. तिथला जाड शेपटीचा बुटका लेमूर झाडाच्या ढोलीत सात महिने असाच पडून राहतो. ढोली पातळ असेल तर दिवसा उन्हाने त्याचं अंग आपसूक 30 अंशांच्या वर जातं. काट्रिन डाउसमान आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवलं, की असे लेमूर मधूनमधून स्वतःहून तापत नाहीत. ढोली जाड असेल आणि ऊन आत पोहोचत नसेल, तर मात्र त्यांना तापावं लागतं. गरज आहे ती उबेची, मग ती कुठूनही येवो. त्या उबेत काय दुरुस्त होत असावं, याचा एक धागा मेंदूत सापडतो. गारठलेल्या भूखारींच्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, पेशींमधली जोडणी विरळ होते, आणि अंग गरम झाल्यावर काही तासांत ती परत भरून येते.

आपल्याला यात रस का असावा? हृदय बंद पडून वाचलेल्या काही रुग्णांचं शरीर मेंदूची हानी टळावी म्हणून डॉक्टर 33 अंशांच्या आसपास गार ठेवत आले आहेत. पण माणसाचं शरीर याला विरोध करतं, थरथरतं, म्हणून गुंगीची औषधं द्यावी लागतात. थंडावा बाहेरून लादलेला असतो, आतलं नियंत्रण 37 अंशांवरच अडून बसलेलं असतं. भूखार आधी ते नियंत्रणच खाली आणते.

2020 साली जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाच्या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या भागात, चेतापेशींचा एक छोटा समूह चेतवला. उंदरांचं तापमान आणि चयापचय दोन्ही दोन दिवसांहून जास्त काळ खाली राहिलं, आणि नंतर ते आपणहून पूर्ववत झाले. विशेष म्हणजे घुशीच्या जातकुळीतल्या प्रयोगशाळेतल्या रॅटवरही हे साधलं, आणि रॅट एरवी कधीच अशा अवस्थेत जात नाही. माणसावर असं अजून कुणी केलेलं नाही. मला त्यातलं अवघड काम खाली उतरवण्यापेक्षा वर आणण्याचं वाटतं, कारण भूखारीच्या साठवलेल्या चरबीतली मोठी रक्कम त्याच चढणीवर खर्च होते.