आर्थिक वाढ आणि आयुर्विम्याची मागणी : कोकण किनारा

लोकांचे उत्पन्न वाढले की आयुर्विम्याची मागणी वाढते, हा अर्थशास्त्रातील सर्वसाधारण निष्कर्ष आहे. उत्पन्न जितके मोठे, तितके मिळवत्या माणसाच्या मृत्यूने कुटुंबाचे होणारे नुकसानही मोठे. शिवाय रोजचा खर्च भागून हप्त्यापुरते पैसे हाती उरू लागतात आणि गृहकर्जासारखी देणीही डोक्यावर येतात. विम्याचा प्रसार एकूण हप्त्यांच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेल्या प्रमाणावरून, तर त्याची घनता दरडोई हप्त्यावरून मोजतात. मात्र केवळ वाढ पुरत नाही. भारतात आयुर्विमा हप्त्यांचे हे प्रमाण २००१-०२ मध्ये २.१५ टक्के होते, ते २००९-१० मध्ये ४.६० टक्क्यांवर गेले आणि २०१४-१५ पर्यंत २.६० टक्क्यांवर उतरले. या काळात अर्थव्यवस्था वाढतच होती. परंतु सप्टेंबर २०१० पासून बाजाराशी निगडित विमा योजनांचे नियम कडक झाल्यामुळे त्यांची विक्री घटली.

कोकणात वाढीचा पैसा आधी बाहेरून आला. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणारा चाकरमानी गावाकडे दरमहा मनीऑर्डर धाडी, आणि त्या एका पगारावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरी म्हातारे आईवडील, बायको आणि मुले अवलंबून असत. त्याच्या माघारी घर सांभाळायला भाऊबंद आणि सामाईक जमीन होती. एकत्र कुटुंब हाच जुना विमा होता. कुटुंबे विभक्त होऊ लागली, तशी या आधाराची जागा पैशाने भरून काढणे भाग पडले. १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वे आणि किनाऱ्यावरचे पर्यटन यांमुळे घरबसल्या मिळकतीचे मार्गही वाढले.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते येथे मागणी ठरते ती उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा त्याच्या नियमितपणावर. शिक्षकाचा किंवा बँक कर्मचाऱ्याचा हप्ता पगारातून परस्पर जातो. आंबा बागायतदाराला मोहोर येताच फवारणीवर खर्च करावा लागतो आणि पेट्यांचे पैसे मुख्यतः एप्रिल-मेमध्ये हाती येतात. थंडीत पडणारा वार्षिक हप्ता त्याला वर्षभराच्या कमाईच्या मानाने छोटा असला, तरी त्या दिवशी जड जातो. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाच्या घरात रोख पैसा येत नाही. जुलैत देय होणारा हप्ता भरण्यासाठी मग उसनवारी करावी लागते. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला सामान्यतः ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत मिळते, पण बंदी दोन महिन्यांची असते. ज्याचा जीव रोज दर्यावर आहे, त्याचीच पॉलिसी अशा रीतीने बंद पडावी, ही गंभीर बाब आहे.

या दृष्टीने ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची रचना किनाऱ्याला सोयीची आहे. १८ ते ५० वयाच्या खातेदारास तीत २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते; वार्षिक हप्ता पूर्वी ३३० रुपये होता, तो जून २०२२ पासून ४३६ रुपये झाला. संरक्षणाचे वर्ष १ जून ते ३१ मे असल्याने नूतनीकरणाची रक्कम खात्यातून मेअखेरीस वळती होते, म्हणजे आंब्याचा पैसा ताजा असताना आणि मासेमारी थांबण्याच्या तोंडावर. मात्र २ लाख रुपये ही मुलांच्या शिक्षणापर्यंत पुरणारी रक्कम नव्हे.

महागाई हा वाढीचा दुसरा चेहरा मागणी घटवतो, कारण वीस वर्षांनी मिळणाऱ्या ठरावीक रकमेची किंमत तोवर घसरलेली असते. म्हणूनच अनेक कुटुंबे शिल्लक पैसा सोने, कलमांची बाग किंवा पतपेढीतील ठेव यांत गुंतवतात. पण नवी कलमे उत्पन्न देऊ लागेपर्यंत काही वर्षे जावी लागतात, आणि त्या वर्षांत घरातला मिळवता माणूस गेला तर बाग जपायला पैसा आणि माणूस दोन्ही नसतात.